चार पायऱ्या खाली : ‘ए मायनर स्लॅश जी’च्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५, रविवार (आषाढी एकादशी)

साइटवर रोज संध्याकाळी डेली रिपोर्ट लिहायची बावीस वर्षांची सवय. काँक्रीट किती झालं, मजूर किती आले, पाऊस किती वाजता. गिटारचंही तसंच लिहावं म्हटलं, नाहीतर हेही काम रखडणार.

प्रकल्प : भाचीच्या गाण्याला साथ. ठिकाण : सोसायटीच्या गणपतीतला सांस्कृतिक कार्यक्रम. मुदत : ३० ऑगस्ट, शनिवार. हातात पंचावन्न दिवस.

गाणं भाचीने निवडलंय. संथ भावगीत, दादरा. मला कॉर्ड (एकत्र वाजवायचे तीन-चार स्वर) येतात आठ-नऊ, आणि तेवढ्यात गाणं बसतं असं मीच तिला छातीठोकपणे सांगून बसलो. मग तिच्या मैत्रिणीच्या दादाने लिहून दिलेला कॉर्डचा कागद आला. मुखड्याच्या शेवटी ती एक स्वर लांबवते, तिथे ही ओळ : ए मायनर, ए मायनर/जी, ए मायनर/एफ शार्प, एफ, ई.

आजवर अशा तिरक्या रेघा दिसल्या की मी रेघेपुढचं सोडून द्यायचो. ए मायनर/जी? वाजवा ए मायनर. कोणाला कळतंय!

भाचीला कळलं. “मामा, इथे काहीतरी खाली खाली उतरतं. ते तुझ्यात येत नाहीये.” वय वर्षं चौदा.

८ जुलै, मंगळवार

रेघेच्या डावीकडे कॉर्ड, उजवीकडे सगळ्यांत खाली वाजायचा स्वर. एवढंच. भागाकार नाही आणि ‘किंवा’ही नाही. (‘ए मायनर किंवा जी, जे जमेल ते’ असा अर्थ मी कित्येक वर्षं लावत होतो. लिहायला लाज वाटते, पण डेली रिपोर्टात खोटं लिहायचं नसतं.)

ए मायनर म्हणजे ए, सी, ई. यातला सी किंवा ई तळाशी नेला तर माणसं घरचीच, फक्त बसायची जागा बदलली. ते सोपंय : सीसाठी करंगळी पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या), ईसाठी तर जाड तार मोकळीच वाजवायची. जी मात्र त्या तिघांत नाही. बाहेरून आलेला, आणि येऊन थेट तळमजल्यावर बसलेला.

सहाव्या, म्हणजे सगळ्यांत जाड, तारेपासून पहिलीपर्यंत लिहायचं तर : ३, बंद, २, २, १, ० (आकडा फ्रेटचा, शून्य म्हणजे मोकळी तार). तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मध्यमा चौथीच्या आणि अनामिका तिसरीच्या दुसऱ्या फ्रेटवर. हा झाला रोजचा ए मायनर. उरली करंगळी. तिने बाकीच्या बोटांवरून तंगडी टाकून पार जाड तारेचा तिसरा फ्रेट धरायचा.

जमलं नाही. करंगळी पाचव्या तारेपर्यंत पोचते आणि थांबते.

९ जुलै

पट्टी लावून मोजलं. नटापासून (मानेच्या वरच्या टोकाची पट्टी, जिथून तारा सुरू होतात) तिसरा फ्रेट १०३ मिलीमीटरवर. अनामिकेचं टोक ते करंगळीने जिथे टेकायचं ती जागा, तिरकं अंतर सुमारे ४१. टेबलावर हात पसरून बघितला तर तेवढं अंतर आरामात पडतं. म्हणजे बोट आखूड नाही, मनगट चुकतंय. निदान तसं समजून चालतो.

१२ जुलै, शनिवार. क्लास

सर मूळचे मडगावचे. लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज (स्वरांची नावं घेत गायचा पाश्चात्त्य सराव) गिरवलं, नंतर मुंबईत लग्नांच्या बँडपासून हॉटेलांपर्यंत सगळीकडे वाजवलं. आता सत्तरीला आलेत. कमी बोलतात, आणि बोलले की लागतं.

मी आठवड्याभरात एक तोड काढली होती : अनामिका तिसऱ्या तारेवरून उचलायची आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवायची. करंगळीची कटकटच नको. पाचवी तार बंद. वाजवून दाखवलं. छान स्वच्छ वाजलं.

सर म्हणाले, “सुंदर. पण हा ए मायनर नाही, सी मेजर आहे.”

बोटाने एकेक तार मोजायला लावली. सहावी : जी. चौथी : ई. तिसरी आता मोकळी : जी. दुसरी : सी. पहिली : ई. जी, ई, जी, सी, ई. ए कुठेच नाही! पाचवी मी बंद केलेली आणि तिसरीवरचं बोट मीच उचललेलं. घराचा मालक बाहेर काढून पाहुण्याला ठेवून घेतलं होतं. म्हणून तर ते इतकं प्रसन्न वाजत होतं. भाचीचं गाणं काही प्रसन्न नाही.

यापुढे नवीन काही शोधलं की आधी स्वर मोजायचे.

१३ जुलै, रविवार

मग पाचवी मोकळीच सोडली तर? तिच्यात ए आहेच. केलं. जाड तारेवर जी, शेजारी ए. गुरगुर. ट्रक न्यूट्रलला उभा असावा तशी.

ट्यूनर ॲपवर आकडे बघितले : जी ९८ हर्ट्झ, ए ११०. फरक फक्त बारा. म्हणजे सेकंदाला बारा ठोके. ते स्वर म्हणून वेगळे ऐकू येत नाहीत, नुसती खरखर जाणवते. हेच दोन स्वर वरच्या सप्तकात शेजारी आले तर कानाला गोड लागतात, कारण तिथे आकड्यांतलं अंतर वाढत जातं. खाली गर्दी चालत नाही.

म्हणून कागदावर पाचवी तार ‘बंद’ आहे. बंद करायला वेगळं बोट लागत नाही : करंगळी जाड तारेवर अगदी टोकावर उभी न करता थोडी आडवी केली की टोकाच्या मागचं मांस पाचव्या तारेला टेकतं आणि ती गप्प होते. आजवर ‘बोटं उभी ठेव’ एवढंच ऐकलं होतं. इथे एक बोट मुद्दाम आळशी ठेवायचं.

अर्थात करंगळी पोचली तर.

१७ जुलै

पाऊस. लोकल बंद पडत पडत चालल्या होत्या. घरी पावणेअकरा. गिटार पिशवीतून काढली नाही.

२० जुलै, रविवार

जाड तार दाबताना करंगळी थरथरते, आणि दाब पुरत नाही म्हणून तार फ्रेटवर खरखरते. बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजलं : ३.५ मिमी. अडीचच्या आसपास बरं. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, पुढची फळी फुगते, तिच्यासोबत ब्रिज (फळीवर तारा जिथे अडकवतात तो) वर आणि ब्रिजसोबत तारा वर. आमच्या खिडक्यांची दारं फुगून अडकतात तोच प्रकार.

दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी सॅडल (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) काढून खालून घासलं, दोन मिमी. मी म्हटलं, मला एकच कमी करायचाय. ते हसले. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर. एका टोकाला दोन उतरवले की मध्याला एक उतरतो. बावीस वर्षं स्लॅबचे उतार काढतोय आणि हे डोक्यात आलं नाही. तारांचा संचही बदलून जरा बारीक घेतला, बारा-त्रेपन्नच्या जागी अकरा-बावन्न.

घरी येऊन करंगळी ताणली. पोचली! दोन सेकंद. मग मध्यमा निसटली.

२४ जुलै, गुरुवार. दीप अमावास्या

आईने दिवे घासून पाटावर मांडले, पूजा झाली, आणि म्हणाली, “रोज काय ते एकच कुरकुर करत असतोस रे?” कागद दाखवला. कॉर्ड तिला कळत नाहीत, पण भजनी मंडळात ती तीस वर्षं पेटी वाजवते. म्हणाली, नुसते खालचे स्वर सांग.

ए, जी, एफ शार्प, एफ, ई. पेटीवर पांढरी सहा, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन. तिने पांढरी सहा सा धरली आणि गुणगुणली : सा, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. मग थांबली. “दोन्ही धैवत, आणि पाठोपाठ? पिलू रागात दोन्ही लागतात, पण असं जिना उतरल्यासारखं नाही घेत कोणी.” पुन्हा वाजवलं. “पण वाईट नाही. पोटात खड्डा पडतो.”

मग तिला वरचे तीन स्वर (सा, कोमल ग, प) उजव्या हाताने धरून डाव्याने ही उतरण वाजवायची होती. पण डावा हात भात्यावर. मला समोर बसवलं आणि भाता माझ्याकडे दिला. अकाउंटंटच्या चेहऱ्याने मी भाता हलवतोय आणि आई दोन्ही हातांनी पेटी वाजवतेय. वरचं सगळं जागच्या जागी, ढिम्म. खालून एकेक पायरी काढून घेतली जातेय आणि प्रत्येक वेळी वरच्या त्याच तीन स्वरांचा चेहरा बदलतोय. तळाला नी आला की थोडे अस्वस्थ. शुद्ध धैवत आला की अधांतरी, पडतील की काय असे. कोमल धैवत आला की एकदम मऊ.

तीन आठवडे मी एक कॉर्ड शिकत होतो. ही तर चाल आहे. खर्जातली.

२६ जुलै, शनिवार. क्लास

सरांना पेटीचं सांगितलं. खूश झाले. म्हणाले, ही उतरण फार जुनी. सतराव्या शतकात इटलीत विलापाचं गाणं असलं की तळाशी ही अशी उतरती चाल ठेवायची रीतच पडली होती. मॉन्तेव्हेर्दी या संगीतकाराचा १६३८ साली छापलेला एका अप्सरेचा विलाप आहे, त्याच्या मधल्या भागात खाली फक्त चार स्वर पुन्हा पुन्हा फिरतात : ए, जी, एफ, ई. आपले तेच, मधला एफ शार्प सोडून.

मग नावांचा घोळ निघाला. ए मायनर/जीला कोणी ए मायनर सेव्हन लिहितात, कारण ए, सी, ई, जी हेच त्याचे स्वर. ए मायनर/एफ शार्प हा एफ शार्प हाफ डिमिनिश्ड. ए मायनर/एफ तर सरळ एफ मेजर सेव्हन. स्वर तेच, नावं वेगळी. एखाद्या कागदावर ओळीत असं लिहिलं असेल : ए मायनर, ए मायनर सेव्हन, एफ शार्प हाफ डिमिनिश्ड, एफ मेजर सेव्हन. वाचणाऱ्याला चार अवघड कॉर्ड दिसतील. तिरकी रेघ घालून लिहिलं की दिसतं, अरे, एकच कॉर्ड आहे आणि खाली कोणीतरी चाललंय. ती रेघ आता मला आवडायला लागली आहे.

२७ जुलै, रविवार

आणखी एक उलगडा. गाण्याची मूळ चाल मी इतके दिवस फोनवर ऐकत होतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ९८ हर्ट्झ काय येणार? कपाळ. आज हेडफोन लावून ऐकलं. खाली अख्खा जिना आहे! फोनवर सगळे ए मायनर सारखेच ऐकू येत होते, म्हणून तर ‘कोणाला कळतंय’ असं वाटायचं.

स्वतःचं रेकॉर्डिंगही आता हेडफोनवरच तपासायचं. फोनवर मी बरा वाजवतो.

२ ऑगस्ट, शनिवार. क्लास. महत्त्वाची नोंद

आज काम पुढे सरकलं. दोन गोष्टींमुळे.

पहिली, अंगठा. माझा डावा अंगठा गिटारच्या मानेवरून वर डोकावतो, रिक्षावाल्याच्या हँडलसारखा. अंगठा वर आला की तळवा मानेला चिकटतो आणि करंगळी तोकडी पडते. सरांनी अंगठा मानेच्या पाठीमागे मध्याच्याही खाली आणवला, मनगट पुढे काढलं, गिटारचं डोकं वर उचलायला लावलं, डाव्या पायाखाली जाडजूड डायऱ्या ठेवल्या. आरशात बघितलं तर मी एकदम कोणीतरी शिकलेला वादक दिसत होतो. करंगळी जाड तारेवर. बसली.

दुसरी गोष्ट याहून मोठी. सरांनी विचारलं, “तू सहाही तारा खरवडणार आहेस का?” नाही, बोटांनी छेडणार : अंगठ्याने खर्ज, बाकी तीन बोटांनी बारीक तीन तारा. “मग चौथी तार वाजतेय कुठे? तिच्यावर बोट कशाला ठेवलंयस?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

तिसरी, दुसरी, पहिली : ए, सी, ई. ए मायनर पुरा झाला. चौथीवर मध्यमा ठेवायची गरजच नाही! जिथे भार नाही तिथे मी महिनाभर टेकू लावून बसलो होतो. मध्यमा उचलली आणि सगळा हात सैल पडला, करंगळीला वळायला जागा झाली. आणि ती मोकळी मध्यमा पुढच्याच पायरीला लागते : एफ शार्प, जाड तारेचा दुसरा फ्रेट.

आता ओळ अशी. तर्जनी आणि अनामिका खुंटीसारख्या गाडलेल्या, हलायच्याच नाहीत. पाचवी तार मोकळी : ए. करंगळी सहावीच्या तिसऱ्यावर : जी. करंगळी उठते, मध्यमा दुसऱ्यावर बसते : एफ शार्प. दोघीही थोड्या आडव्या, पाचवीला गप्प करणाऱ्या. मग एफसाठी तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून बार. मग ई.

घरी येताना ट्रेनमध्ये छत्रीच्या दांड्यावर करंगळी-मध्यमा, करंगळी-मध्यमा. समोरच्या काकांनी जागा बदलली.

५ ऑगस्ट

करंगळीच्या टोकाला फोड. इतर बोटांना घट्टे आहेत, हिने आजवर आरामच केला होता. दोन दिवस नुसता खर्ज वाजवणार, वरचं काही न धरता, आणि तोंडाने म्हणणार. हे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी पौर्णिमा

ताई राखी बांधायला आली, भाची सोबत. नारळीभात खाऊन पहिली तालीम.

ए मायनर, ठीक. जी, जरा उशिरा पण आला. भाचीने डोळे मिटूनच मान डोलावली. एफ शार्प, चांगला. एफ, आणि तिने डोळे उघडले. “मामा, इथे मी चुकतेय का?”

ती चुकत नव्हती. चारही पायऱ्यांवर ती एकच स्वर धरून असते, पंचम. म्हणजे ई. मी तर्जनी आडवी टाकून एफ वाजवतो तेव्हा पहिल्या तारेवर एफ वाजतो. तिचा ई, माझा एफ, अर्ध्या स्वराचं अंतर, एकाच सप्तकात, एकमेकांच्या नाकाला नाक. भातात खडा लागावा तसं. तिचा गळा पक्का म्हणून ती हलली नाही, दुसरी कोणी माझ्या एफवर घसरली असती.

पहिली तार मोकळी ठेवायची तर तर्जनी आडवी टाकता येत नाही. आडवी नाही टाकली तर जाड तारेचा पहिला फ्रेट धरणार कोण? काही वादक मानेवरून अंगठा आणून धरतात. माझा अंगठा आखूड, आणि आता शिस्तीने पाठीमागे गेलाय.

ताई म्हणाली, “साधा एफ टाळूनच टाक ना.” सगळी वाट उतरून शेवटची पायरी गाळायची?

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी सातला, चहाच्या आधी सुटलं. पहिली तार वाजवायचीच नाही.

बार तसाच, पण उजव्या हाताची अनामिका त्या कॉर्डपुरती गप्प. सहावी, तिसरी, दुसरी : एफ, ए, सी. चौथा स्वर ई, तो भाचीच्या गळ्यात आहे. गिटार आणि ती मिळून एफ मेजर सेव्हन. मी एकटा वाजवला तर तो अर्धवट वाटतो. तिला फोन लावून स्पीकरवर गायला लावलं. “हां,” म्हणाली, आणि झोपायला गेली.

डाव्या हाताच्या अनामिकेने तिसरी तार सोडलेलीच नाही, हे नंतर लक्षात आलं. ए मायनरपासून एफपर्यंत ते एक बोट जागचं हललेलं नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. झेंडावंदन करून आल्यावर तीन तास लय. तबल्याचं ॲप, दादरा, ६० वर.

एका आवर्तनाला एक पायरी, सहा मात्रा : खर्ज, तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी, तिसरी. अडचण समेवर. करंगळी वेळेत पोचत नाही म्हणून मी सहाव्या मात्रेलाच सगळा हात उचलत होतो आणि आवाजाला भोक पडत होतं. पण सहाव्या मात्रेला तिसरी तार वाजते, तिच्यावर अनामिका आहेच, ती धरून ठेवली की सूर चालू राहतो. त्या आडोशाने करंगळीने निघायचं. एका मात्रेचा प्रवास. कोणाला कळत नाही.

एफवर चौथ्या मात्रेला पहिली गाळायची, तिच्या जागी पुन्हा तिसरी. हे दहापैकी तीनदा विसरतो.

१६ ऑगस्ट. दहीहंडी. डीजे. सराव अशक्य, जी तर चौकातून फुकट येत होता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

भाचीचा फोन. गळा आता खुललाय, पांढरी सहा फार खाली वाटते, काळी पाचवरून म्हणते. नऊ दिवस राहिलेत!

पण वाईट नाही झालं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा), बोटं तीच. उलट फायदा : कॅपोपासून तिसरा फ्रेट ९७ मिमीवर, म्हणजे सहा मिमी जवळ, आणि कॅपोमुळे तिथल्या तारा बोटाला मऊही लागतात. महिन्याभरापूर्वी कोणी सांगितलं असतं तर! आईला मात्र पेटीवर सगळं बदललं : काळी पाच, काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. ती म्हणाली, त्यात काय. भजनी मंडळात समोरची बाई कुठूनही सुरू करते.

आई पण कार्यक्रमात बसणार आहे, असं यातून कळलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

२५ ऑगस्ट

तिघांची तालीम. पंधरापैकी अकरा वेळा स्वच्छ. करंगळी चुकली की ती कॅपोपासून चौथ्या फ्रेटकडे सरकलेली असते. कॅपोमुळे फ्रेटवरच्या ठिपक्यांचा हिशेब चुकतो, म्हणून मानेच्या कडेला पेन्सिलने खूण.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

बाप्पा आले. एकवीस मोदक मीही वळले. कळ्या पाडताना करंगळीचा घट्टा उकडीला लागतो.

३० ऑगस्ट, शनिवार. कार्यक्रम

साउंड चेक सहाला. माझ्या गिटारपुढे माइक उभा केला. ए मायनर ठीक, आणि जी आला (कॅपोमुळे खरा जी शार्प, १०४ हर्ट्झ) तसा मांडवात घूंऽऽऽ. लोकांनी कान झाकले. साउंडवाल्या मुलाने दोन-तीनदा वाजवायला लावलं. दर वेळी त्याच स्वराला. माझ्यासारख्या मोठ्या पोटाच्या गिटारच्या पेटीतली हवाच मुळी शंभर हर्ट्झच्या आसपास घुमते, त्यात माइक भोकासमोर आणि स्पीकर मागे. पंचावन्न दिवस ज्या एका स्वरासाठी घालवले, नेमका तोच.

“काका, बेस काढून टाकतो,” म्हणून त्याने बटण फिरवलं. सगळा खर्ज गेला. मी माइक बाराव्या फ्रेटकडे सरकवायला सांगत होतो, तेवढ्यात मुलांची फॅन्सी ड्रेस स्पर्धा सुरू झाली.

आमचा नंबर सव्वानऊला. मुखडा संपला, भाचीने पंचम धरला. पाचवी तार. मग करंगळी. स्वच्छ बसली, पाचवी गप्प, सगळं व्यवस्थित, आणि स्पीकरमधून नुसता पातळ ए मायनर. मध्यमा. तोच पातळ ए मायनर. मी खाली मान घालून वाजवत राहिलो.

दुसऱ्या वेळी मुखडा आला तेव्हा आईने भाचीच्या मागून सुरावट वाजवणं सोडून दिलं. खालच्या सप्तकात हात नेला आणि एकेक स्वर लांब धरत उतरली : काळी पाच, काळी चार, पांढरी पाच, काळी तीन. पेटीच्या माइकचा बेस कोणी काढला नव्हता. भाचीने मान वळवून बघितलं, माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

शेवटच्या एफला मी पहिली तार गाळायला विसरलो नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

गिटारचा कॅपो काढला, पेन्सिलची खूण पुसली. भाचीचा मेसेज : दिवाळी पहाटसाठी दुसरं गाणं, त्यात डी मायनर/सी आहे, येतो का?

बघितला. पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट. तिथे अनामिका सहज पोचते, पण ती डी मायनरमध्ये दुसऱ्या तारेवर बसलेली असते. तिची जागा करंगळीला द्यावी लागेल. शेजारची चौथी तार मोकळी डी : १४७, आणि सी १३१. जवळजवळ आहेत, गुरगुरतील. पण चौथी वाजवायचीच कशाला?